बागेतला स्लग : ओळखावा कसा, मोजावा कसा आणि रोपे राखावीत कशी

आदल्या दिवशी लावलेली रोपे सकाळी देठापाशी कुरतडलेली आढळली आणि शेजारच्या मातीवर चंदेरी रेघ चमकत असली, की बाग करणाऱ्याचा हात आधी मिठाकडे किंवा विषारी गोळ्यांच्या डब्याकडे जातो. रोपे गेल्याचे दुःख खरे असते आणि ते मी कमी लेखत नाही. तरीही तो हात काही दिवस आवरावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण शंख नसलेली गोगलगाय, म्हणजे ज्याला आता मराठीतही स्लग म्हणतात तो प्राणी, रोपे कुरतडण्याखेरीज बागेत कितीतरी कामे करत असतो, आणि त्याला सरसकट मारले तर त्याच्यावर जगणारे भुंगेरे, बेडूक आणि पक्षीही बागेकडे पाठ फिरवतात. माझ्या मते बागेत जपायची असतात ती कोवळी रोपे, आणि तीही लावल्यानंतरचे पहिले काही आठवडेच. हे एकदा मनाशी पक्के केले, की स्लगांचा नायनाट करण्याची गरज उरत नाही आणि पुढे सांगितलेली साधी कामे पुरेशी होतात.

प्राणी नीट पाहावा

स्लग हा मृदुकाय प्राणी असून उदरपाद या वर्गात मोडतो. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण वरवर गरीब दिसणाऱ्या माणसाबद्दल वापरतो, पण शरीररचनेच्या दृष्टीने ती शब्दशः खरी आहे. उदरपाद या नावाचा अर्थही तोच आहे. पोटाखालचा सपाट, स्नायूंचा पाय लाटांसारखा आकुंचन पावत त्याला पुढे नेतो आणि त्या पायाखाली तो चिकट स्राव पसरत जातो. वाळल्यावर आपल्याला दिसणारी चंदेरी रेघ ती हीच. ऊन वाढले की शंखी गोगलगाय शंखात शिरून तोंड मिटून घेऊ शकते. स्लगच्या पूर्वजांचा शंख मात्र उत्क्रांतीच्या ओघात आक्रसत गेला आणि आज काही जातींत तो पाठीच्या कातडीखाली लहानशा चकतीच्या, तर काहींत चुन्याच्या कणांच्या रूपात उरला आहे. शंख गेल्यामुळे त्याला मातीच्या अरुंद भेगांत शिरता येऊ लागले, पण सुकून मरण्याचा धोका कायमचा पाठीशी लागला. दिवसा दगडाखाली, कुंडीच्या बुडाशी किंवा दाट आच्छादनात दडून राहणे, रात्री आणि पावसाच्या सरीनंतर बाहेर पडणे, कोरड्या दिवसांत जमिनीत खोल उतरणे या त्याच्या सगळ्या सवयी या एका धोक्यातून आलेल्या आहेत, आणि त्याला रोपांपासून दूर ठेवण्याचे बहुतेक उपायही त्याच धोक्याचा आधार घेतात.

डोक्यावर शुंडकांच्या दोन जोड्या असतात. वरच्या जोडीच्या टोकाशी डोळे असतात आणि खालची जोडी वास व चव यांच्या कामी येते. अनेक जातींत मानेमागे खोगिरासारखा एक भाग दिसतो, त्याला प्रावार म्हणतात. त्याच्या उजव्या कडेला उघडझाप करणारे श्वसनछिद्र असते. उष्ण प्रदेशांत सर्रास आढळणारा लेव्हिकॉलिस आल्टे हा चपटा, गडद, चामड्यासारख्या पाठीचा आणि मधोमध फिकट रेघ असलेला स्लग मात्र याला अपवाद आहे, कारण त्याच्यात प्रावार सगळ्या पाठीवर पसरलेला असतो आणि खोगीर वेगळे दिसत नाही. तोंडात रेत्रिका नावाची कानशीसारखी पट्टी असते, तिच्यावर हजारो सूक्ष्म दात ओळीने बसवलेले असतात आणि झिजलेल्या ओळींची जागा मागून नव्या ओळी घेत राहतात. तो पान चावत नाही, खरवडतो. पानावरच्या त्याच्या खुणा वेगळ्या ओळखता येतात त्या यामुळेच.

बहुतेक स्लग उभयलिंगी असतात, म्हणजे एकाच प्राण्यात नर आणि मादी या दोघांचे अवयव असतात. अंडी ओलसर मातीत, लाकडाखाली किंवा कुंडीच्या तळाशी घोळक्याने घातलेली असतात आणि ती साबुदाण्याच्या भिजलेल्या दाण्यांसारखी अर्धपारदर्शक दिसतात.

तो बागेत काय करतो

गळलेली पाने, सुकलेले देठ, कुजकी फळे, बुरशी, शेवाळ, प्राण्यांची विष्ठा आणि मेलेले किडे हे अनेक जातींचे मुख्य अन्न असते. पान जेवढे लहान तुकड्यांत फुटेल तेवढा त्याचा पृष्ठभाग वाढतो आणि जिवाणू व बुरशीला त्यावर काम करणे सोपे जाते. स्लग हे तुकडे करण्याचे काम सतत करतो, शिवाय त्याच्या पोटातून बाहेर पडलेल्या विष्ठेत ते द्रव्य अर्धे पचलेले आणि ओलसर असते, त्यामुळे गांडुळे आणि सूक्ष्मजीव ते लवकर मातीत मिसळवतात. कंपोस्टच्या ढिगात स्लग दिसले, तर त्यांना तिथेच राहू द्यावे. तिथे ते आपल्याला हवे तेच काम करत असतात.

बी आणि बीजाणू वाहून नेण्याचे त्याचे काम आपल्या लक्षात सहसा येत नाही. बुरशीची छत्री खाल्ल्यावर तिचे बीजाणू त्याच्या पोटातून पुढे दुसऱ्या जागी पडतात. युरोपातील बीचच्या जंगलांत असेही आढळले आहे, की मुंग्यांनी न्यावे म्हणून तेलकट उपांग धारण करणाऱ्या काही वनस्पतींच्या बिया स्लग गिळतात आणि त्यातल्या काही त्याच्या विष्ठेतून रुजण्याजोग्या अवस्थेत बाहेर येतात.

सगळे स्लग हिरव्या पानांवर जगतात, हा समज तर मुळातच चुकीचा आहे. लिमॅक्स मॅक्सिमस हा बिबट्यासारखे ठिपके असलेला मोठा स्लग प्रामुख्याने बुरशी आणि कुजके द्रव्य खातो आणि प्रसंगी इतर स्लगांनाही खातो. टेस्टासेला या वंशातले स्लग मांसाहारी असून जमिनीखाली गांडुळांची शिकार करतात. त्यांच्या शेपटीच्या टोकाला नखाएवढा शंख दिसतो. ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२२ मध्ये स्लग आणि गोगलगायींना यापुढे ‘कीड’ या सदरात गणायचे नाही असे ठरवले, तेव्हा तिने हेही सांगितले की त्या देशातील ४४ ज्ञात जातींपैकी फक्त ९ जाती बागेतली झाडे खातात. प्रदेश बदलला की आकडे बदलतील. पण अनेकांमधले थोडेच दोषी असतात ही गोष्ट प्रत्येक बागेत स्वतःच्या डोळ्यांनी तपासून पाहण्याजोगी आहे, आणि पुढची पाहणी त्यासाठीच आहे.

रात्रीची पाहणी

अंधार पडल्यावर सुमारे दोन तासांनी, शक्यतो पाऊस पडून गेलेल्या किंवा हवा दमट असलेल्या रात्री, बॅटरी आणि वही घेऊन बागेत जावे. एकदाच जाऊन निष्कर्ष काढू नये. निदान तीन वेगवेगळ्या रात्री त्याच वाफ्यांची त्याच क्रमाने पाहणी करावी. प्रत्येक स्लग कुठे दिसला, जिवंत पानावर होता की गळलेल्या, तो खरोखर खात होता की नुसताच चालला होता, त्याची लांबी आणि रंग काय, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या तरी पुरे. पहिल्यांदा मी अशी पाहणी केली तेव्हा ज्या मोठ्या ठिपकेदार स्लगाला मी मनोमन दोषी ठरवले होते, तो ओल्या लाकडावरची बुरशी खरवडत होता आणि रोपांवर होते ते बोटाच्या पेराहूनही लहान असे करडे स्लग. तोवर मी चुकीच्याच प्राण्याला उचलून बाहेर टाकत होतो, याची मला आजही खंत वाटते.

रात्री जाणे जमत नसेल, तर वाफ्यांच्या कडेला फळीचे वीतभर तुकडे किंवा ओले गोणपाट संध्याकाळी अंथरावे आणि सकाळी ऊन चढण्याआधी उचलून पाहावे. रात्रभर फिरलेले स्लग दिवसाच्या आसऱ्यासाठी त्याखाली जमलेले सापडतात. या पद्धतीने ते कुठे जास्त आहेत हे कळते, पण ते काय खातात हे कळत नाही. म्हणून जमेल तेव्हा एखादी तरी रात्र काढावीच.

सकाळी दिसणारे नुकसान स्लगचेच आहे, याचीही खात्री करून घ्यावी. स्लगने खरवडलेली भोके वेडीवाकडी असतात, बहुधा पानाच्या मध्यभागीही असतात, मोठ्या शिरा पुष्कळदा शिल्लक राहतात आणि जवळपास चिकट रेघ सापडते. अळीने खाल्लेल्या पानाजवळ गोल, कोरड्या लेंड्या पडलेल्या असतात. नाकतोड्याच्या खाण्याला पानाच्या कडेपासून सुरुवात होते आणि कापही तुलनेने स्वच्छ असतो. जमिनीलगत एका घावात कापलेले आणि तसेच आडवे पडलेले रोप हे बऱ्याचदा मातीत लपणाऱ्या कापणाऱ्या अळीचे काम असते. अशा रोपाभोवतीची माती दोन बोटे उकरली तर ती अळी वेटोळे करून पडलेली मिळते.

रोपे राखणे

सर्वांत परिणामकारक बदल मला पाण्याच्या वेळेत आढळला आहे. संध्याकाळी पाणी दिले की स्लग बाहेर पडण्याच्या नेमक्या वेळी सगळा वाफा ओला आणि चालण्यास सोपा होतो. तेच पाणी पहाटे किंवा सकाळी दिले तर मुळांना ते मिळते आणि रात्रीपर्यंत मातीचा वरचा थर सुकतो. पाणीही सगळ्या वाफ्यावर न शिंपडता रोपाच्या बुडाशी द्यावे. पावसाच्या दिवसांत अर्थातच याचा उपयोग होत नाही आणि तेव्हा पुढच्या उपायांवर भर द्यावा लागतो.

बी थेट वाफ्यात पेरण्याऐवजी रोपे उंचावर ठेवलेल्या ट्रेमध्ये वाढवावीत, त्यांना चार-पाच खरी पाने येऊन देठ थोडा कडक झाला की मगच जमिनीत लावावीत. लावल्यानंतर प्रत्येक रोपाभोवती तळ कापलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे कडे मातीत दोन बोटे खोल रोवावे. कडे रोवण्याआधी आतली माती हाताने चाळून पाहावी, नाहीतर स्लग रोपासकट आतच कोंडला जातो. नव्या रोपांच्या भोवती पहिले काही आठवडे जाड आच्छादन घालू नये. आच्छादन मातीसाठी उत्तम असते, पण त्याच्याखालचा ओलावा स्लगला रोपाच्या अगदी दाराशी निवारा देतो. म्हणून तोवर ते वाफ्याच्या कडेला, हातभर अंतरावर ठेवावे आणि देठ पक्के झाल्यावर आत ओढून घ्यावे.

त्याच कडेच्या आच्छादनात गळलेली पाने, भाजीची सुकत चाललेली बाहेरची पाने किंवा काकडीच्या साली पसरून ठेवाव्यात. मरगळलेले, कुजू लागलेले पान समोर असताना पुष्कळ स्लग त्याच्याकडेच वळतात. वाफे खराट्याने अगदी लख्ख करण्याची सवय मला म्हणूनच घातक वाटते, कारण मेलेले पान शिल्लक नसले की भुकेल्या प्राण्याला जिवंत पानाशिवाय पर्याय राहत नाही. झेंडू आणि लेट्यूस यांच्याकडे स्लग विशेष ओढले जातात; यांची काही जास्तीची रोपे मुद्दाम कडेला लावून त्यांच्यावर जमणारे स्लग रात्री उचलणेही सोपे जाते. याउलट रोझमेरी, लॅव्हेंडर यांसारख्या उग्र सुगंधी, चिवट पानांच्या झाडांना ते सहसा हात लावत नाहीत, तेव्हा त्यांची काळजी करण्यात वेळ घालवू नये.

अंड्यांच्या टरफलांचा चुरा, खरखरीत खडी, लोकरीच्या गोळ्या, सालीचे तुकडे आणि तांब्याची पट्टी या उपायांवर अनेकांची श्रद्धा आहे. वर उल्लेख केलेल्या सोसायटीने २०१८ मध्ये लेट्यूसवर यांची चाचणी घेतली, तेव्हा हे अडथळे लावलेल्या आणि न लावलेल्या रोपांच्या नुकसानीत फरक आढळला नाही. टरफलांचा चुरा मातीला चुना म्हणून द्यायला हरकत नाही. कुंपण म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

हाताने वेचणे हा जुना उपाय आजही चांगला आहे, फक्त तो रोपांवरच्या स्लगांपुरता ठेवावा. वेचलेले स्लग कंपोस्टच्या ढिगावर नेऊन सोडावेत आणि ढीग वाफ्यांपासून दूर असावा. भिंतीपलीकडे फेकण्याचा काही उपयोग नाही. शंखी गोगलगायींना खुणा करून सोडून पाहिले असता त्या पुष्कळदा परत आल्या आणि २० मीटरच्या पुढे नेऊन सोडल्यावरच परतण्याचे प्रमाण फार कमी झाले. अनेक स्लगही स्रावाच्या वासावरून आपल्या निवाऱ्याची वाट शोधतात.

त्यांच्यावर जगणाऱ्यांना जागा द्यावी

जमिनीवर धावणारे काळे भुंगेरे, रोव्ह भुंगेरे, काजव्यांच्या अळ्या, गोम, बेडूक, भेक, सापसुरळी आणि जमिनीवर टिपणारे पक्षी हे सगळे स्लग किंवा त्यांची अंडी खातात. बागेच्या एका कोपऱ्यात लाकडाचे ओंडके आणि दगड रचून ठेवावेत, गवताचा एक पट्टा न कापता राहू द्यावा, उतरती कड असलेले उथळ पाणी ठेवावे आणि रात्रीचे दिवे शक्य तितके विझवावेत, कारण काजव्यांचे मीलन एकमेकांचा प्रकाश दिसण्यावर अवलंबून असते. त्याच ओंडक्यांखाली स्लगही राहतील, आणि ते तसेच असायला हवे. भक्ष्य उरले नाही तर भक्षकही टिकत नाही. माती उकरताना अंड्यांचे घोळके वर आले, तर ते उघड्यावर ठेवावेत. पक्षी ते टिपतात किंवा उन्हात ते सुकतात.

ही साखळी किती नाजूक आहे हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियामधील सोयाबीनवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून फार स्पष्ट दिसते. तिथे बियाण्याला थायमेथॉक्झाम हे कीटकनाशक चोळलेले होते. स्लग कीटक नसल्यामुळे रोपे खाऊनही त्याला इजा झाली नाही, पण त्याच्या शरीरात साठलेले विष त्याला खाणाऱ्या भुंगेऱ्यांपर्यंत पोचले आणि प्रयोगशाळेत असे ६० टक्क्यांहून अधिक भुंगेरे लुळे पडले किंवा मेले. शेतात भक्षक घटले, स्लग मोकळे सुटले आणि उत्पन्न ५ टक्क्यांनी कमी झाले. किडींपासून वाचवण्यासाठी केलेल्या उपायानेच पिकाचे नुकसान केले, हे वाचल्यापासून प्रक्रिया केलेले बियाणे घेताना मी पाकिटावरचा मजकूर दोनदा वाचतो, आणि तसे सर्वांनी करावे असे मला मनापासून वाटते.

विष आणि मीठ यांविषयी

मीठ वापरूच नये. स्लगच्या अंगातले पाणी ओढून घेऊन ते त्याला फार यातना देऊन मारते, आणि मातीत उरलेले मीठ मुळांनाही तसेच सुकवते. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्री, मांजरे, पक्षी आणि इतर प्राण्यांना विषारी असतात. ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ पासून त्यांच्या उघड्यावरील वापरावर बंदी आहे. काहीच इलाज चालेना, तर आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या तुलनेने सौम्य आहेत. त्या खाल्ल्यावर स्लगचे खाणे थांबते आणि काही दिवसांत तो मातीत जाऊन मरतो. त्यांचेही ढीग घालू नयेत. पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात विरळ विखराव्यात आणि फक्त नव्या रोपांच्या ओळीतच टाकाव्यात. फॅस्मऱ्हॅब्डायटिस हर्माफ्रोडायटा नावाचा सूक्ष्म सूत्रकृमी १९९४ पासून विक्रीत आहे आणि तो मातीतल्या लहान स्लगांना रोगट करून मारतो. त्याच्यासाठी माती ओली आणि ५ अंश सेल्सिअसपेक्षा उबदार असावी लागते. बिअर भरलेल्या वाटीत आंबलेल्या वासामुळे स्लग नक्की पडतात, पण वाटीची कड मातीच्या पातळीवर असेल तर भुंगेरेही पडून बुडतात, म्हणून कड मातीपासून बोटभर वर ठेवावी.

हाताळताना

स्लग आणि गोगलगायी उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या अँजिओस्ट्रॉंजिलस कँटोनेन्सिस या कृमीच्या वाहक असू शकतात आणि तो माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून त्यांना हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचलावे, मुलांना उघड्या हातांनी खेळू देऊ नये आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांचे एकेक पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली धुवावे, कारण अगदी लहान स्लग पानाच्या घडीत सहज नजरेआड राहतो. हाताला स्राव लागलाच तर लगेच पाणी घेऊ नये, पाण्याने तो फुगून अधिकच चिकटतो. आधी कोरड्या फडक्याने तो चोळून काढावा आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

रोपांचे देठ पेन्सिलीएवढे जाड झाले आणि नवी पाने खाल्ल्या जाण्याच्या वेगापेक्षा लवकर येऊ लागली, की बाटल्यांची कडी काढून घ्यावीत, कडेचे आच्छादन आत ओढावे आणि रात्रीची पाहणी पुन्हा एकदा करावी. या वेळी पानांवर दोन-चार भोके दिसतील; ती मोजून वहीत लिहून ठेवावीत, म्हणजे पुढच्या लागवडीच्या वेळी कोणत्या वाफ्याला कड्यांची गरज आहे आणि कोणत्याला नाही, हे आधीच ठरवता येते.